विहिरीतल्या हंसराजाला ऊन किती लागतं?

आजोळच्या विहिरीत एकट्यानं डोकवायचं नाही, अशी आम्हा मुलांना सक्त ताकीद होती. मग मी आजीचा पदर घट्ट धरून डोकवायचे. तळाशी काळंशार पाणी, आणि वर दगडांच्या सांध्या-सांध्यांतून लोंबणारे हिरवेगार झुबके! पानं पाहावीत तर जणू कोथिंबीर काळ्या रेशमी दोऱ्यात ओवलेली. "हा हंसराज," आजी सांगायची. "याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही."

हंसराज म्हणजे एक नेचा. इंग्रजीत यालाच फर्न म्हणतात. नेच्याला फूल येत नाही, म्हणून फळ नाही आणि बीही नाही. हंसराजाचं पान उलटून बघा. पानाची कड जागोजागी आत दुमडलेली दिसेल. त्या दुमडीखाली धुळीसारखे बारीक बीजाणू असतात. ते वाऱ्यावर उडतात आणि ओलसर जागा मिळाली की तिथे रुजतात. आजीच्या विहिरीत ते असेच आले असणार.

मोठी झाल्यावर मी नर्सरीतून हंसराजाची कुंडी आणली आणि हौसेनं पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली. तीन दुपारी ऊन खाल्लं आणि पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या कुरकुरीत झाल्या! मला वाटलं, विहिरीत तर अंधार असतो, याला अंधारच हवा. म्हणून कुंडी उचलली आणि पुस्तकांच्या कपाटावर, पार कोपऱ्यात नेऊन ठेवली. महिन्याभरात काड्या लांबच लांब वाढल्या, पानं विरळ झाली आणि सगळं झाड खिडकीकडे मान वळवून बसलं.

चूक एका शब्दाची होती. सावली म्हणजे अंधार, असं मी धरून चालले होते. विहिरीत ऊन शिरतं ते दुपारी थोडाच वेळ, पण वर आभाळ दिवसभर उघडं असतं! त्या आभाळाचा मऊ उजेड आत झिरपत राहतो. हंसराज राहतो तो त्या उजेडात.

आता एक गंमत सांगते. उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला चक्क फसवतात. उजेड मोजण्याच्या एककाला लक्स म्हणतात. भर दुपारी उघड्या मैदानावर साधारण १ लाख लक्स उजेड असतो. रात्री दिवा लावलेल्या खोलीत असतो जेमतेम १०० ते २००. एवढा प्रचंड फरक, तरी पुस्तक आपल्याला दोन्हीकडे वाचता येतं, कारण डोळ्यातली बाहुली लहान-मोठी होते आणि डोळा सांभाळून घेतो. म्हणून 'इथे छान उजेड आहे' हे आपलं म्हणणं झाडाच्या दृष्टीनं खरं असेलच असं नाही.

झाडाचीही सांभाळून घ्यायची एक रीत आहे, आणि ती मला फार आवडते. पानाच्या पेशींत हरितलवकं असतात, म्हणजे अन्न तयार करणारे हिरवे ठिपके. ते चक्क जागा बदलतात! उजेड कमी असला की पेशीत पसरून बसतात आणि मिळेल तो कण टिपतात. ऊन कडक झालं की सरकून कडेच्या भिंतींना चिकटतात, आपण उन्हात झाडाच्या आडोशाला जातो तसे. पण माझ्या गॅलरीतल्या उन्हापुढे ते तरी काय करणार?

त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. दाट जंगलात वरची झाडं उन्हातला लाल आणि निळा प्रकाश आधीच खाऊन टाकतात. खाली पोचतो तो उरलासुरला. हा उष्टा उजेड ओळखायला नेच्यांकडे एक खास प्रथिन आहे, निओक्रोम. लाल प्रकाश ओळखणारं एक आणि निळा ओळखणारं दुसरं, असे दोन तुकडे त्यात एकत्र जोडलेले आहेत. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांना ते सापडलं, आणि तेही हंसराजातच! पुढे २०१४ मध्ये संशोधकांनी सांगितलं की निओक्रोमचा जनुक मुळात नेच्यांचा नव्हताच. ओल्या मातीवर वाढणारी हॉर्नवर्ट नावाची शेवाळासारखी चिमुकली वनस्पती असते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी तिच्याकडून तो नेच्यांकडे आला. शेजारणीकडून विरजण आणावं तसा! आणि पुढे फुलांची झाडं पृथ्वीभर पसरली, जंगलं दाट झाली, तेव्हा त्यांच्या सावलीत नेच्यांच्या कितीतरी नव्या जाती तयार झाल्या.

तर मग कुंडी ठेवायची कुठे? एक सोपी परीक्षा करा. दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वीतभर वर हात धरा. सावली काळी, रेखीव पडली तर ऊन जास्त आहे. सावली दिसतच नसेल तर उजेड कमी. बोटं ओळखू येतील पण कडा पुसट असतील, तर हंसराजाला ती जागा बेस!

घरात पूर्वेची खिडकी चांगली, सकाळचं कोवळं ऊन त्याला चालतं. पश्चिमेच्या खिडकीला पातळ पडदा हवाच. परदेशी पुस्तकांत मात्र लिहिलेलं असतं, "उत्तरेच्या खिडकीत ठेवा, तिथे कधीच ऊन येत नाही." महाराष्ट्रात तेवढं तंतोतंत खरं नाही हं! तुम्ही शाळेत शून्य सावली दिवस पाहिला असेल, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस. पुण्या-मुंबईकडे तो मेच्या मध्यावर येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन डोकावतंच. पावसाळी ढग आले की काळजी मिटते, पण त्याआधीचे मे-जूनचे आठवडे कुंडीवर नजर ठेवा.

अंगणात आंब्याखाली जागा असेल तर उत्तम. गच्चीवर हिरवी शेडनेट बांधा. मात्र सगळेच नेचे सावलीवेडे नसतात. कोकणात झाडांच्या फांद्यांवर बसणारं बाशिंग हंसराजापेक्षा जास्त उजेड सोसतं, आणि मयूरशिखा तर खडकांच्या कोरड्या भेगांतही वाढते.

माझी कुंडी आता पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत आहे. जळकी पानं मी कापून टाकली होती. परवा मातीतून एक कोंब वर आला, चकलीसारखा गोल गुंडाळलेला आणि लवलवणारा. आज सकाळी चकलीचा पहिला वेढा सुटलाय.