कट मारून गेला, आता?

सकाळी साडेसातची वेळ. घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर एक रिक्षा सायकलवाल्याच्या कोपराला घासून पुढे जाते आणि लगेच प्रवासी घ्यायला डावीकडे थांबते. ब्रेक दाबेपर्यंत अॅड्रेनलिन रक्तात उतरलेले असते. छाती धडधडते, मुठी आवळतात. नजर त्या रिक्षावरच खिळते. मागून येणारी बस, पुढचा खड्डा दिसेनासा होतो. गाठून दोन शब्द सुनवावेत असे वाटते ते नेमके याच क्षणी, आणि तेव्हाच ते सर्वांत महागात पडते. कडेला थांबून, श्वास सावकाश सोडत दोन-तीन मिनिटे काढली की ठोके उतरू लागतात. नंबर टिपून घ्यावा, भांडण नको.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ इयान वॉकर यांनी सायकलला सेन्सर लावून वाहने किती जवळून पुढे जातात ते मोजले. हेल्मेट घातल्यावर ती सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेली! म्हणून हेल्मेट काढायचे नाही. डोके आपटले तर तेच वाचवते.

अगदी कडेला चिकटणेही धोक्याचेच. गटाराच्या जाळ्या असतात, उभ्या गाड्यांची दारे अचानक उघडतात. हातभर जागा सोडावी, सरळ रेषेत चालवावे.

भरधाव वाहन मागून आले तर मात्र यातले काहीच पुरत नाही. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, चेंबूरचे अवतार सैनी अनुभवी सायकलस्वार होते. फेब्रुवारी २०२४मध्ये नेरूळला सकाळी सहकाऱ्यांसोबत सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला.