थ अक्षर आलं, थिया ठरलं

मूल उत्तराभाद्रपदा नक्षत्रावर जन्मलं की पंचांग नावासाठी अक्षरं देतं: दू, थ, झ, ञ. थ वाट्याला आला की आजीला काही सुचत नाही, मग आत्या मोबाइल उघडते. जळगाव-धुळ्याकडच्या बारशांत 'थिया'सारखी नावं येतात ती या वाटेने. म्हणायला सोपं, कानाला गोड आणि खाली अर्थ लिहिलेला: ग्रीक देवी. आजी मात्र विचारते, "हाई काय नाव शे वो माय?"

मग घरात दोन तट पडतात. आपल्या देवी संपल्या का, हा एकाचा सवाल. नाव शाळेत उठून दिसलं पाहिजे, हे दुसऱ्याचं म्हणणं. गंमत म्हणजे हाच पहिला तट 'रिया' हे नाव बिनबोभाट मान्य करतो. चित्रा नक्षत्राचं 'री' अक्षर निघालं की रिया हजर! ऱ्हिया ही ग्रीक देवांचा राजा झ्यूस याची आई. नवरा क्रोनस जन्मलेलं प्रत्येक मूल गिळायचा, म्हणून तिने सहाव्या खेपेला दगड कपड्यात गुंडाळून त्याच्या हाती दिला आणि बाळ क्रीट बेटावर लपवलं. देवकी-कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्याला ही कशी परकी वाटेल? मायाचंही तेच. ग्रीकांची माया ही सात बहिणींतली थोरली, आणि त्या सात बहिणी म्हणजे आकाशातला तोच पुंजका ज्याला आपण कृत्तिका म्हणतो. आपल्याकडे कृत्तिका सहा, आणि त्या कार्तिकेयाच्या दाया.

नावांची ही देवघेव आजची नाहीच. धुळ्याहून महामार्गाने नाशिक ओलांडलं की पांडवलेणी लागतात. तिथलं सतरावं लेणं उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेल्या एका योनकाने कोरवून घेतलं. योनक म्हणजे यवन, ग्रीक. त्याचं नाव काय, तर इंद्राग्निदत्त. वडील धर्मदेव, मुलगा धर्मरक्षित. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक माणसं इथली नावं लावत होती. त्यांच्याही घरात कुणी म्हातारी कुरकुरली असेल.

माझा आक्षेप ग्रीक असण्याला नाही, गोष्ट न विचारण्याला आहे. डॅफ्ने सुंदर नाव, पण ती अपोलोच्या तावडीतून सुटण्यासाठी झाड झालेली मुलगी. पँडोराच्या हातून जगात दुःखं सुटली. मंथरा नाव आपण ठेवत नाही, मग हीही चौकशी करावी. शिवाय 'थिया' खानदेशी हाकेत किती दिवस थिया राहील? 'थियाबाई'ची तयारी ठेवायला हवी. आणि रियाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच घालायचा की नाही, हे जन्मदाखल्यावर चढण्याआधीच ठरवलेलं बरं.

तरी या हौसेला मी नावं ठेवणार नाही. 2011 च्या जनगणनेत मुलींच्या प्रमाणात राज्यात तळाशी असलेल्या जिल्ह्यांत जळगाव होता. त्याच वर्षी साताऱ्यात 'नकुसा' नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. अशा मुलखात लेकीच्या नावासाठी अख्खं घर दोन रात्री भांडत असेल, तर भांडू द्यावं.

फक्त यादीत एक नाव घालावंसं वाटतं. ग्रीकांची थिया ही सूर्याची आई. भुसावळ आणि शिरपूर तालुक्यांतून वाहणारी तापी ही पुराणांत सूर्याची मुलगी. म्हणजे नात्याने थिया तापीची आजी लागते! आजीचं नाव परदेशातून मागवलंय, नातीचं दाराशी आहे. 'तापीबाई' जुनं वाटत असेल तर महाभारतात तिचंच नाव तपती आहे: संवरणाची राणी, कुरूची आई. स्वाती नक्षत्रावर मुलगी झाली आणि 'ता' अक्षर निघालं, तर थोडी सूट घेऊन तेही बसतं. वर्गात दुसरी तपती सापडण्याची भीती जवळपास नाही.