राउटरचा एकच भाग बिघडला

राउटर म्हणजे घरात नेटची वायर जिथे येते ती डबी. वायरमधून आलेले नेट ती हवेत लहरींनी सोडते. लहरी मोबाईलला कळतात, आपल्याला दिसत नाहीत.

मे महिन्यात वळवाच्या पावसात मोठी वीज कडाडली आणि आमच्या राउटरचे दिवे गेले. पप्पांनी नवा ॲडॅप्टर आणला. दिवे आले, पण मोबाईलला नेट मिळेना. मग चुलत दादाने त्याचा लॅपटॉप वायरने राउटरला जोडला. तर नेट चालू! म्हणजे डबी जिवंत होती. फक्त लहरी सोडणारा भाग मेला होता.

दादा दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला. ताईचा अकरावीचा अर्ज राहिला होता. ती छत्री घेऊन वरच्या रस्त्याला रेंज शोधत उभी राहायची.

पप्पा पाटणला दुकानात गेले. मीपण गेले. दुकानदाराने डबी उघडली. आत एकच हिरवी पाटी होती. तिच्यावर एक भाग विचार करतो, एक लक्षात ठेवतो, एक वायरींकडे बघतो आणि एक लहरी सोडतो. पप्पा म्हणाले, "बिघडलाय तेवढाच बदला की." दुकानदार म्हणाला, "काका, सगळं एकाच पाटीवर डाग देऊन बसवलंय. सुटं न्हाई मिळत. नवाच घ्या." नव्याला १४०० रुपये पडले. आईने ते भाताच्या बियाण्यासाठी ठेवले होते.

मला राग आला. सायकलची ट्यूब फुटली तर कोणी सायकल टाकून देतं का?

मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, सुटे भाग घालता येतात. युरोपात चेक प्रजासत्ताक नावाचा देश आहे. तिथल्या सीझेड डॉट निक या संस्थेने २०१६ साली तुरिस ओम्निया नावाचा राउटर काढला. त्यात लहरी सोडणारे कार्ड खाचेत बसवलेले असते. स्क्रू काढायचा, जुने कार्ड काढायचे, नवे बसवायचे. वाय-फायचे नवे नवे प्रकारही येत राहतात. वाय-फाय ६ ची प्रमाणपत्रे २०१९ पासून आणि वाय-फाय ७ ची २०२४ पासून मिळू लागली. त्या राउटरला वाय-फाय ६ चे कार्ड पुढे वेगळे मिळू लागले. बाकीची डबी तीच! पण असा राउटर महाग असतो, कारण खाचा, स्क्रू आणि मोठी डबी यांना पैसे लागतात. तरी मला वाटते, निदान लहरींचे कार्ड तरी सुटे असावे. बिघडते तेच आणि जुने होते तेही तेच.

आपल्या कोयनेचे धरण बघा. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, धरणाला चिरा पडल्या. म्हणून कोणी धरण पाडून नवे बांधले नाही. चिरा भरल्या आणि मागच्या बाजूने काँक्रीटचा जाड आधार दिला. एवढ्या मोठ्या धरणाला जमते, मग हाताएवढ्या डबीला का जमू नये?

जुना राउटर मी फेकू दिला नाही. त्याची वायरची भोके अजून चालतात. दिवाळीला दादा आला की त्याचा लॅपटॉप त्यालाच जोडणार आहोत.