पडलेला भाव आणि पाडलेला भाव

आर्थिक मंदी आली की सत्ताधारी पक्ष पराभूत होतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु हानी आणि मत यांच्यामध्ये एक दुवा असतो : हानीचा कर्ता कोण, याविषयीचा मतदाराचा निर्णय. मराठीत हा भेद क्रियापदातच व्यक्त होतो. ‘भाव पडला’ या वाक्यात कोणी दोषी नाही. ‘भाव पाडला’ म्हणताच पाडणारा शोधावा लागतो. कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत ‘काम सुटले’ आणि ‘कामावरून काढले’ यांतही हेच अंतर आहे.

२०२४ सालच्या दोन निवडणुका या दृष्टीने बोधप्रद आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर घातलेली बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. येथे कर्ता उघड होता. २० मे रोजी मतदान झालेल्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. पुढे त्याच वर्षीच्या हंगामात सोयाबीन क्विंटलमागे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाहून कमी दराने विकले जात होते. तरीही नोव्हेंबरात महायुतीला विधानसभेत मोठे बहुमत मिळाले. सोयाबीनचा भाव जागतिक बाजाराशी निगडित असल्याने दोष विभागला गेला, असे म्हणता येईल. उलट ‘लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १,५०० रुपयांचा दाता सुस्पष्ट होता.

जात, पक्षनिष्ठा, उमेदवार ही कारणे अर्थातच उरतात. तथापि मंदीचा राजकीय परिणाम मोजताना घट किती झाली एवढेच पाहून भागणार नाही. त्या घटीला लोकांच्या बोलण्यात कर्ता लाभला की नाही, हेही पाहिले पाहिजे.