शुद्धीचं अर्धं मिनिट

२० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी जेट एअरवेजचं बोइंग ७३७ मुंबईहून जयपूरला निघालं. आत १६६ प्रवासी आणि ५ कर्मचारी होते. विमान चढत असतानाच लोकांचे कान ठणकू लागले, डोकी दुखू लागली आणि वरची झाकणं उघडून मास्क लोंबू लागले. सुमारे ३० जणांच्या नाकातून रक्त आलं, काहींच्या कानातूनही. विमान मुंबईला परतलं आणि नीट उतरलं. केबिनचा दाब राखण्याचा स्विच लावायचा वैमानिकांकडून राहून गेला होता, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलं.

ही गोष्ट आज वऱ्हाडात सांगायला हवी, कारण १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली आहे. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी आखूड असल्याने अकोलेकरांना अजूनही बेलोरा नाहीतर नागपूर गाठावं लागतं. पण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारे दोन्ही जिल्ह्यांत वाढत आहेत. आधी स्वतःचा मास्क लावा, मग लेकराला, ही सूचना ते ऐकतात ती बहुधा हिंदी-इंग्रजीत आणि घाईघाईने. त्यामागचं कारण त्यांना कोणी सांगत नाही.

३५ हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण दाब कमी असल्याने तो फुप्फुसातून रक्तात पुरेसा उतरत नाही. म्हणून विमानाच्या आत दाब तयार करावा लागतो. बहुतेक विमानांत इंजिनात दाबली गेलेली हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात आणि शेपटीकडच्या झडपेतून ती बेताने बाहेर जाऊ देतात. नळ चालू आणि मोरीचा बोळा थोडा सैल असलेल्या हौदात पाण्याची पातळी टिकते, तसा हा दाब टिकतो. नळ बंद राहिला किंवा हौदालाच भोक पडलं, तर पातळी घसरणारच. मुंबई-जयपूर विमानात नळ बंद राहिला होता. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला तुकडा सुमारे १६ हजार फुटांवर उडून गेला, तो दुसरा प्रकार.

सगळं ठीक असतानाही केबिनमधली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. आतली हवा फार तर ८ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ देतात. म्हणजे चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त उंची. निरोगी माणसाला ती जाणवत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा जुना त्रास असलेल्या आजी-आजोबांनी मात्र प्रवासाआधी डॉक्टरांना विचारावं.

दाब गेला की धोका ऑक्सिजनच्या कमतरतेचा, आणि तो फसवा आहे. गुदमरल्यासारखं वाटत नाही. उलट हलकं, बरं वाटू लागतं, आणि तेवढ्यात बोटं व विचार साथ सोडतात. ३५ हजार फुटांवर माणूस कामाचा राहतो तो साधारण ३० ते ६० सेकंद. आधी लेकराला मास्क लावायला निघालेली आई त्या धडपडीत स्वतः बेशुद्ध पडली, तर लेकराकडे बघायला कोण उरणार? तिने स्वतःला मास्क लावला, तर पुढच्या काही सेकंदांत ती लेकराला लावू शकते. लेकरू क्षणभर बेशुद्ध पडलं तरी ऑक्सिजन मिळताच सावरतं. आईच्या जिवाला हे पटणं अवघड आहे, म्हणूनच ते घरी, शांतपणे, आधी समजून घ्यायला हवं.

केबिनमधली हवा सुमारे १४ हजार फुटांवरच्या इतकी विरळ झाली की मास्क आपोआप पडतात. मास्क नुसता तोंडाला लावून भागत नाही, तो आपल्याकडे ओढावा लागतो. बऱ्याच विमानांत त्या ओढीनेच वरच्या डब्यातली रासायनिक क्रिया सुरू होते आणि ऑक्सिजन तयार होतो. डबा तापतो, जळका वास येतो, तो आगीचा नसतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. दाब एकदम गेला तर केबिनमध्ये धुकं दाटतं, तोही धूर नव्हे.

हा ऑक्सिजन साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो. तेवढा पुरे, कारण वैमानिक आधी स्वतःचे मास्क लावतात आणि मग विमान वेगाने १० हजार फुटांवर आणतात, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. विमान नाक खाली करून झपाट्याने उतरू लागलं की प्रवाशांना वाटतं, पडलो. खरं तर तीच सुटका असते. वऱ्हाडावर हे सोपं आहे: मेळघाटाचे सगळ्यात उंच माथे ४ हजार फुटांच्या आतले, आणि कळसूबाई धरली तरी अख्ख्या महाराष्ट्रात ५,४०० फुटांच्या वर काही नाही. लेहच्या वाटेवर खाली हिमालय असतो, तिथे उतरायची वाट आधीच आखून ठेवावी लागते.

आणि वैमानिकांनीच मास्क लावला नाही तर? १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या बोइंगमध्ये दाबाचा स्विच स्वयंचलितऐवजी हाताने चालवायच्या जागी राहिला होता. भोंगा वाजला, पण त्याच आवाजाचा भोंगा उड्डाणापूर्वीच्या दुसऱ्या चुकीसाठीही होता, आणि वैमानिक ती चूक शोधत बसले. शोधता शोधता त्यांची शुद्ध हरपली. विमान आपोआप उडत राहिलं आणि इंधन संपल्यावर डोंगरावर आदळलं. १२१ जण गेले. दोन निरनिराळ्या संकटांना एकच आवाज देणं ही आखणीतली अक्षम्य चूक होती, असं मला ठामपणे वाटतं. पुढे या विमानांत वेगळे दिवे बसवले गेले.

बेलोऱ्याला येणारं एटीआर ७२ या बोइंग विमानांपेक्षा वेगळं आहे. पंख्याचं हे विमान २५ हजार फुटांच्या वर जातच नाही, त्यामुळे त्यात डोक्यावरून पडणारे मास्क सहसा नसतात. ते दिसले नाहीत म्हणून घाबरू नये. त्या उंचीवर हाताशी वेळ मिनिटांत असतो आणि विमान लवकर खाली येतं. गरज पडलीच तर कर्मचाऱ्यांकडे हातात धरायचे ऑक्सिजनचे सिलिंडर असतात. आपलं काम पट्टा बांधून जागेवर बसायचं आणि सांगतील ते ऐकायचं.

कानाचं दुखणं मात्र रोजच्या, सुरळीत प्रवासातही होतं. उतरताना दाब वाढतो आणि घशाला कानाशी जोडणाऱ्या, सर्दीने चोंदलेल्या नळीतून तो कानाच्या आत पोचत नाही. जोराची सर्दी असेल तर प्रवास पुढे ढकलावा. तान्ह्या बाळाला विमान उतरू लागल्यापासून पाजत राहावं. गिळलं की कान मोकळे होतात.