मासा कोणत्या रंगाचा आहे? : बर्टोनीने शिकवलेला पहिला धडा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक्सेलमध्ये एक तक्ता केला होता. माशाचा क्रमांक, लांबी, वजन, लिंग, रंग. टाकीतून जाळीने मासा काढायचा, मोजायचा, फोटो घ्यायचा आणि ‘रंग’ या रकान्यात एक शब्द लिहायचा. दोन आठवड्यांनी लक्षात आलं, की टाकीत झळाळणारे नर माझ्या तक्त्यात ‘फिकट’ झाले होते. जाळीत धडपडताना त्यांचा रंग उतरत होता आणि मी नेमका तोच लिहून ठेवत होते. तो सगळा रकाना फेकून द्यावा लागला.

तुम्ही संशोधनाकडे वळायच्या विचारात असाल तर या चुकीबद्दल सविस्तर बोलायला हवं. कारण चूक रंग ओळखण्यात नव्हती, प्रश्न विचारण्यात होती.

आधी ओळख करून घेऊ

माशाचं नाव अ‍ॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी. राहतो पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या उथळ काठांवर आणि आसपासच्या नद्यांमध्ये. कुळ सिक्लिड. उजनीच्या बाजारात मिळणारी चिलापी याच कुळातली, म्हणजे हा प्रकार तुम्हाला अगदीच परका नाही. ग्युंथर यांनी १८९४ साली या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. एक कामाची गोष्ट: जुने शोधनिबंध शोधताना ‘हॅप्लोक्रोमिस बर्टोनी’ हे नावही टाका, नाहीतर कित्येक दशकांचं काम तुमच्या नजरेतून सुटेल.

मासा हाताच्या पंजात मावेल एवढा. पाठीवरचा पर लांबलचक, त्याचा पुढचा भाग काटेरी आणि मागचा मऊ. थोबाडाच्या प्रत्येक बाजूला नाकपुडी एकच. बहुतेक माशांना दोन-दोन असतात. अंगावरची पार्श्वरेषा मध्येच तुटलेली. तोंडातल्या जबड्याशिवाय घशात आणखी एक जबडा. ही सगळी सिक्लिड कुळाची लक्षणं. ती आज बघा, महिन्याने बघा, बाटलीत जपून ठेवलेल्या नमुन्यात बघा, तशीच दिसतील.

रंगाचं तसं नाही.

एकाच टाकीतले दोन नर

काही नर वर्चस्व असलेले असतात. ते जागा राखतात, खड्डा उकरतात, माद्यांना बोलावतात. अंग निळं किंवा पिवळं झळाळतं, कल्ल्यांच्या मागे लाल-नारिंगी डाग, आणि डोळ्यातून खाली तिरकी उतरणारी काळी पट्टी. बाकीचे नर दुय्यम. ते मातकट, माद्यांसारखेच दिसतात आणि त्यांच्यातच मिसळून फिरतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याला या दोन वेगळ्या जाती वाटतील. पण हा ‘कोण आहे’ याचा फरक नाही, ‘सध्या कुठल्या पदावर आहे’ याचा आहे. वर्चस्व असलेला नर टाकीतून काढला, की एखादा दुय्यम नर काही मिनिटांत रंग चढवतो आणि डोळ्याची पट्टी दाखवत त्याची जागा घेतो. हरला तर पुन्हा मातकट. निळा नर पिवळा आणि पिवळा निळा होऊ शकतो, तोही एकाच आयुष्यात.

मग रंग बदलतो तरी कसा?

माशाच्या त्वचेत रंगाच्या खास पेशी असतात. काळ्या रंगाच्या पेशीत मेलॅनिनचे कण असतात. ते पसरले की पट्टी गडद, मध्यभागी गोळा झाले की पट्टी गायब. डोळ्याच्या पट्टीतल्या या पेशींवर थेट चेतातंतूंचं नियंत्रण असतं, हे १९८७ साली दाखवलं गेलं. म्हणून ती पट्टी काही सेकंदांत येते-जाते. संप्रेरकांना एवढी घाई जमत नाही. पिवळ्या पेशींमध्ये खरं रंगद्रव्य असतं. निळा मात्र बराचसा प्रकाशाचा खेळ: पेशींतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि आपल्याला निळा दिसतो.

रंगाच्या पाठोपाठ शरीरही बदलतं, पण आपापल्या वेगाने. प्रजननाची साखळी सुरू करणाऱ्या मेंदूतल्या जीएनआरएच चेतापेशी वर्चस्व असलेल्या नरात आकारमानाने सुमारे आठपट मोठ्या असतात. हे १९९० साली डेव्हिस आणि फर्नाल्ड यांनी मांडलं. पद मिळालं की त्या काही दिवसांत वाढतात, पद गेलं की सावकाश आटतात. म्हणजे पट्टीचं घड्याळ सेकंदांचं, अंगावरच्या झळाळीचं मिनिटांचं, चेतापेशींचं दिवसांचं आणि काट्यांचं आयुष्यभराचं. मी या चारही गोष्टी ‘शारीरिक वैशिष्ट्यं’ म्हणून एका ओळीत मांडल्या होत्या.

एक प्रयोग, नीट बघण्यासारखा

२००५ साली बर्मिस्टर, जार्व्हिस आणि फर्नाल्ड यांनी विचारलं: पद बदलण्याच्या त्या मिनिटांत मेंदूत काय होतं? त्यांनी वर्चस्व असलेला नर पहाटे अंधारात, दिवे लागायच्या आधीच काढून घेतला. उजेड झाला तेव्हा दुय्यम नरासमोर जागा रिकामी होती. तो रंगला आणि वागायला लागला. त्याच्या मेंदूच्या जीएनआरएच पेशी असलेल्या भागात ईजीआर-१ नावाचं जनुक जोरात चालू झालेलं दिसलं.

इथे थांबून विचार करा: तुलना कोणाशी करायची? फक्त दुय्यम नरांशी केली असती तर ‘हा वर्चस्वाचाच परिणाम’ असं कोणीही म्हणालं असतं. त्यांनी आधीपासून पदावर असलेल्या नरांशीही तुलना केली. त्यांच्यात ही वाढ नव्हती. म्हणजे हा संकेत पदाचा नाही, पद *मिळण्याचा* आहे. प्रयोगाची सगळी ताकद त्या दुसऱ्या तुलनेत आहे.

ठिपके आणि एक मोहक गोष्ट

नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर पिवळे-नारिंगी गोल ठिपके असतात, अंड्यांसारखे. मादी अंडी घालून लगेच तोंडात उचलते, मग नराच्या त्या ठिपक्यांकडे तोंड नेते आणि अंडी तोंडातच फलित होतात. १९६० च्या दशकात विकलर यांनी मांडलं की ठिपके ही अंड्यांची नक्कल, मादीला फसवण्यासाठी. गोष्ट इतकी चपखल की पाठ्यपुस्तकात सहज बसली. पण २०१२ मध्ये बर्टोनीवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माद्यांच्या निवडीवर ठिपक्यांचा अपेक्षित परिणाम दिसला नाही. प्रतिस्पर्धी नरांवर मात्र दिसला. सारखं दिसणं हा पुरावा नसतो, तो फक्त प्रश्न असतो.

तर आता तुमच्यासाठी

माझ्या नव्या तक्त्यात ‘रंग’ हा रकाना नाही. त्याऐवजी आहे: डोळ्याची पट्टी आहे की नाही, किती वाजता पाहिली, टाकीत पाहिली की जाळीत, समोर कोण होतं. नोंद मासा हलवायच्या *आधी* होते. काम वाढलं, पण आता त्या आकड्यांवर मी उभी राहू शकते.

तुमचा विषय मासे नसेल. मातीतला ओलावा असेल, मुलाखती असतील, रक्तातली साखर असेल. पहिला तक्ता करायच्या आधी प्रत्येक रकान्यापुढे एवढंच लिहा: हे किती वेळात बदलतं, आणि मी मोजल्यामुळे बदलतं का? उत्तर माहीत नसेल तर तेच आधी शोधा. त्यात गेलेला आठवडा वाया जात नाही. माझे दोन गेले, ते वाया गेले.