आगमनकाळाचं चक्र : वाट पाहण्याचा हिशेब

आजचा विषय ॲडव्हेंट रीथ. मराठीत त्याला आगमनकाळाचं चक्र म्हणू. ‘ॲडव्हेंट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘येणं’. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून नाताळाच्या पूर्वसंध्येपर्यंत हा काळ चालतो. हिरव्या फांद्यांच्या कड्यावर चार मेणबत्त्या असतात. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही.

प्रथा प्राचीन वाटते, पण आजच्या रूपाची ठळक सुरुवात १८३९ची, हॅम्बुर्गची. योहान हिन्रिश विखर्न या प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाने तिथे १८३३मध्ये गरीब, वाऱ्यावर सुटलेल्या मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ सुरू केलं होतं. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? विखर्नने एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक ज्योत वाढायची. पुढे घराघरांत फक्त चार मेणबत्त्या उरल्या. विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ही प्रथा उचलली.

आता अर्थाकडे येऊ. वर्तुळ म्हणजे ईश्वराचं अनादि-अनंतत्व. हिवाळ्यातही न सुकणारी हिरवाई म्हणजे जीवन. चार मेणबत्त्या म्हणजे आशा, शांती, आनंद आणि प्रेम. कॅथलिक परंपरेत बहुधा तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची, आनंदाची, गुलाबी असते. हे अर्थ सुंदर आहेत, पण मुळात प्रश्न मुलांचा होता. संत ऑगस्टिनने म्हटलं होतं की भविष्य आपल्या मनात अपेक्षेच्या रूपाने असतं. आता बघा, ज्या मुलाला कुणाचाच भरवसा उरलेला नाही, त्याने अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? चाकाने त्याला रोज डोळ्यांना दिसेल असा पुरावा दिला. उत्तर जर्मनीत डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाहेर अंधार वाढत असताना आत उजेड वाढत होता.

करायला सोपं आहे. गवताचं किंवा तारेचं कडं घ्या. फर वृक्षाच्या डहाळ्या एकाच दिशेने, प्रत्येक डहाळी आधीच्या देठावर येईल अशा ठेवून बारीक तारेने बांधा. मेणबत्त्या धातूच्या बैठकीत घट्ट बसवा. वाळलेल्या डहाळ्या भुर्रकन पेटतात, तेव्हा जळती मेणबत्ती सोडून जाऊ नका. नाताळापर्यंत पहिली मेणबत्ती सगळ्यांत बुटकी होईल. ती बदलू नका. किती वाट पाहिली, ते तिच्यावरूनच कळतं.